हाताला काम, कामाला दाम : विधान परिषदेचे सभापती कै. वि. स. पागे

विधिमंडळात जाणारी माणसे पुष्कळ असतात. पाच-दहा वर्षे सभागृहात बसून परत येणाऱ्यांची नावे त्यांच्या तालुक्याबाहेर फारशी उरत नाहीत. काहींची नावे मंत्रिपदामुळे राहतात, काहींची गाजलेल्या भाषणांमुळे. कै. विठ्ठल सखाराम पागे यांचे नाव मात्र निराळ्या कारणाने राहिले. ते कधी मुख्यमंत्री झाले नाहीत. त्यांच्या वाट्याला आलेले मोठे पद असे होते की, त्यावर बसणाऱ्याने स्वतः बोलायचे नसते, इतरांना बोलू द्यायचे असते. तरीही महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनावर दूरवर परिणाम करणारी रोजगार हमी योजना त्यांच्या विचारातून उभी राहिली. एका सभापतीने आपल्या आसनाची मर्यादा न मोडता एवढे मोठे कार्य कसे केले, हा त्यांच्या जीवनातील सर्वांत बोधप्रद भाग आहे.

तासगावच्या मातीत

पागेसाहेबांचा जन्म १९१० सालचा. तासगाव तालुक्यातील विसापूर हे त्यांचे गाव. त्या वेळी तासगाव हा ब्रिटिश अमलाखालील सातारा जिल्ह्याचा भाग होता, तर शेजारची सांगली आणि मिरज ही संस्थाने होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळाले. आज तासगाव म्हटले की द्राक्षे आणि बेदाणा डोळ्यांसमोर येतो. त्या काळी मात्र हा परिसर कृष्णाकाठचा थोडा पट्टा सोडल्यास पावसाच्या भरवशावर जगणारा होता. पाऊस आला तर ज्वारी, न आला तर घरातील कर्ती माणसे पोट भरण्यासाठी गाव सोडत. शेतीची कामे आटोपली की मजुराच्या हाताला चार-सहा महिने काम नसे. हे चित्र त्यांनी लहानपणापासून पाहिले होते आणि ते त्यांच्या मनातून कधीच गेले नाही.

कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाला गांधीजींच्या विचाराने ओढून घेतले. सातारा जिल्हा हा स्वातंत्र्यलढ्यातील धगधगता जिल्हा. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगावच्या कचेरीवर हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा गेला, वडूजला मोर्चावर गोळीबार होऊन माणसे हुतात्मा झाली आणि पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार याच भूमीत उभे राहिले. अशा भारलेल्या वातावरणात पागे यांनी चळवळीत भाग घेतला व कारावासही भोगला. परंतु त्यांचा पिंड विधायक कार्यकर्त्याचा होता. स्वराज्य मिळाल्यावर ते सर्वोदयाच्या विचाराकडे अधिक झुकले. शेवटच्या माणसाचे काय, हा त्या विचारातील प्रश्न त्यांनी व्यवहाराच्या भाषेत स्वतःला विचारला : विसापूरच्या भूमिहीन मजुराला वैशाख-ज्येष्ठात काम कोण देणार?

अठरा वर्षे सभापती

मुंबई राज्य असतानाच पागे विधान परिषदेवर आले. १ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्राची स्थापना झाली आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात नव्या राज्याच्या विधान परिषदेचे सभापती म्हणून त्यांची निवड झाली. तेथून एप्रिल १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे, ते सलग या पदावर राहिले. यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील असे मुख्यमंत्री या काळात झाले. सरकारे बदलली, मंत्रिमंडळे बदलली, परंतु सभापतींच्या आसनावरील व्यक्ती तीच राहिली. सभागृहाचा विश्वास असल्याखेरीज हे घडत नाही.

विधान परिषद हे वरिष्ठ सभागृह. पदवीधर, शिक्षक, स्थानिक स्वराज्य संस्था आणि विधानसभेचे सदस्य यांच्याकडून निवडून आलेले व राज्यपालांनी नेमलेले असे ७८ सदस्य तेथे बसतात. या काळात तेथे तोलामोलाची माणसे होती. कविवर्य ग. दि. माडगूळकर परिषदेचे सदस्य होते, समाजवादी विचारांचे प्रा. ग. प्र. प्रधान होते आणि आंबेडकरी चळवळीतील रा. सू. गवई तर १९६८ पासून दहा वर्षे उपसभापती म्हणून पागे यांच्या शेजारी काम करीत होते. सभागृह त्या वेळी मुंबईच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. नरिमन पॉइंटचे विधान भवन १९८१ साली उभे राहिले, तोवर पागेसाहेबांनी आसन सोडलेले होते.

सभापतीने वादात पडायचे नाही, बाजू घ्यायची नाही आणि मते समसमान पडली तरच आपले मत द्यायचे, असा दंडक आहे. ज्याच्या मनात एखादा विचार तीव्रतेने घोळत असेल त्याला हे पद म्हणजे एक प्रकारचे मौनव्रतच. पागे यांनी ते पाळले. आपल्या योजनेचे समर्थन करण्यासाठी त्यांनी आसनाचा उपयोग केला नाही. सभागृहाबाहेर मात्र ते अखंड बोलत राहिले, लिहीत राहिले, मुख्यमंत्र्यांना भेटत राहिले, अधिकाऱ्यांना आकडे विचारीत राहिले. सभापतिपदाच्या प्रतिष्ठेमुळे त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाई आणि त्यांच्या निःपक्षपातीपणामुळे विरोधी बाकांवरील मंडळींनाही ते आपले वाटे. पुढे या योजनेच्या कायद्याला सर्व पक्षांचा पाठिंबा मिळाला, त्याची मुळे या वागणुकीत आहेत.

विसापूरचा प्रयोग

योजनेचा उगम कसा झाला याविषयी एक आठवण सांगितली जाते. पागेसाहेब मुंबईत असत आणि गावाकडील शेती त्यांच्या पत्नी पाहत. ठराविक रक्कम हाती दिली तर आपल्या शेतात किती मजुरांना किती दिवस उपयोगाचे काम देता येईल, असे त्यांनी पत्नीला विचारले. शेतीचा रोजचा अनुभव असलेल्या त्या माउलीने हिशेब करून उत्तर दिले. बांध घालणे, जमीन सपाट करणे, ताली दुरुस्त करणे अशी कामे प्रत्येक शेतात पडून असतात आणि त्यांतून मजुराला काम व जमिनीला कस अशा दोन्ही गोष्टी साधतात, हे त्या घरगुती हिशेबावरून स्पष्ट झाले. एका शेताचा हिशेब त्यांनी मग गावाला लावून पाहिला, गावाचा तालुक्याला आणि तालुक्याचा राज्याला.

१९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात हा प्रयोग प्रत्यक्ष सुरू झाला. क्षेत्राचा एकत्रित विकास आणि काम मागणाऱ्याला काम, अशी त्याची दोन अंगे होती. प्रयोग लहान होता, परंतु काम खरोखर मागितले तर किती लोक येतात, कोणत्या महिन्यात येतात, त्यांना कोणते काम देता येते आणि त्याला खर्च किती लागतो, या चार प्रश्नांची उत्तरे त्यातून हाती आली. कोणतीही मोठी गोष्ट करण्यापूर्वी ती लहान प्रमाणावर करून पाहावी आणि जमाखर्च तपासावा, ही शहाणी रीत त्यांनी राजकारणात आणली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे स्वतः शेतीत रमणारे गृहस्थ. त्यांना या विचाराचे मोल पटले आणि १९७२ साली ही योजना राज्यव्यापी करण्याचा निर्णय झाला.

दुष्काळाची कसोटी

निर्णय झाला तोच महाराष्ट्रावर भीषण संकट कोसळले. १९७० पासून पाऊस कमी कमी होत गेला होता आणि १९७२ साली त्याने पाठच फिरवली. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने विकली गेली, बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर लोकांनी दिवस काढले. त्या पिढीतील कोणाही ग्रामीण माणसाला खडी फोडण्याच्या कामाची आठवण विचारावी. चांगली शेतीवाडी असलेल्या घरांतील माणसेही तोंडावर पदर किंवा पटका ओढून हातोडा घेऊन बसत. शासनाने गावोगावी दुष्काळी कामे काढली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. एवढ्या मोठ्या अवर्षणात भूकबळींचा आगडोंब उसळला नाही, याचे श्रेय या कामांकडे जाते, असे पुढे देशोदेशीच्या अभ्यासकांनी नोंदविले.

या काळात रोजगार हमीची मूळ योजना बाजूला राहून दुष्काळी कामांनाच प्राधान्य मिळाले आणि दुष्काळ ओसरल्यावर १९७४-७५ च्या सुमारास तिने पुन्हा मूळ धरले. दुष्काळी काम आणि हमीचे काम वरवर पाहता सारखेच दिसते. टिकाव तोच, फावडे तेच, हजेरीपटही तोच. पागे यांनी त्यांतील मूलभूत भेद ओळखला होता. दुष्काळी काम सुरू होण्यासाठी आधी सरकारने आणेवारी पाहून दुष्काळ जाहीर करावा लागतो. म्हणजे काम द्यायचे की नाही हे अधिकारी ठरवितो आणि मजूर वाट पाहतो. हमीच्या योजनेत क्रम उलटा आहे. मजूर काम मागतो आणि शासनाला ते द्यावे लागते. गावात दुष्काळ जाहीर झालेला असो वा नसो, एका घरात चूल पेटत नसेल तर त्या घरापुरता तो दुष्काळच असतो, ही जाणीव त्यामागे होती.

खर्च कोणी सोसायचा?

योजनेवर आक्षेप पुष्कळ आले आणि त्यांतील काही खरोखर विचार करण्याजोगे होते. मोठ्या शेतकऱ्यांना वाटले की, सरकारी काम मिळू लागल्यावर शेतावर मजूर येणार नाहीत किंवा मजुरी वाढवून मागतील. अधिकाऱ्यांना वाटले की, मागेल त्याला काम देणे ही न संपणारी जबाबदारी आहे. सर्वांत मोठा प्रश्न पैशाचा होता. एखाद्या वर्षी पाऊस चांगला झाला तर खर्च थोडा आणि वाईट झाला तर अनेक पट. अशा अनिश्चित खर्चाची हमी राज्याने कशी द्यावी?

याचे उत्तर म्हणून १९७५ साली व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कराचा कायदा झाला. व्यापारी पेढीवर लागलेले व्यवसाय कराचे नोंदणी प्रमाणपत्र आणि नोकरदारांच्या पगारपत्रकातील व्यवसाय कराची कपात यांचा उगम या योजनेत आहे, हे अनेकांच्या ध्यानातही नसेल. त्या वेळी राज्यघटनेप्रमाणे या कराची कमाल मर्यादा माणशी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ साली घटनादुरुस्ती होऊन ती २,५०० रुपये झाली. व्यवसाय कराबरोबरच मोटार वाहने, विक्रीकर, ऊस खरेदी, बागायती जमीन यांवरील अधिभार वा आकारणीचे उत्पन्न या कामी लावण्यात आले आणि त्यातून जमा होईल तेवढीच रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले.

या रचनेत मोठा अर्थ होता. शहरातील दुकानदार, डॉक्टर, वकील, गिरणीतील कारकून यांच्या खिशातून थोडे थोडे निघून ते माणदेशातील वा मराठवाड्यातील बांधावर पोहोचणार होते. कर कोणालाही आवडत नाही आणि व्यापारी वर्गात त्याविषयी कुरकुर झाली नसेल असे नाही. परंतु विशिष्ट कारणासाठी घेतलेला आणि त्याच कारणाच्या निधीत जमा होणारा कर हा हिशेबाच्या दृष्टीने स्वच्छ असतो. पुढे कायद्याने रोजगार हमी निधी वेगळा ठेवण्यात आला. गावाकडचा माणूस दोन पैसे बाळगून असेल तरच बाजारपेठेत उलाढाल होते, हे पेठेतील जुन्या जाणत्यांना सांगावे लागत नाही. दुष्काळी वर्षात दुकानाची पायरी कोणी चढत नाही, हा अनुभव सर्वांनी घेतलेला आहे.

कायद्याचे बळ

सरकारी योजना एका आदेशाने सुरू होते आणि दुसऱ्या आदेशाने बंद पडते. म्हणून हमीला कायद्याचे रूप मिळावे असा पागे यांचा आग्रह होता. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सांगितला आहे, परंतु त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ याने ही उणीव राज्यापुरती भरून काढण्याचा प्रयत्न केला. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तो एकमताने संमत केला. विधान परिषदेत त्या वेळी सभापतींच्या आसनावर पागेच होते.

कायद्याची रचना साधी होती. ग्रामीण भागातील १८ वर्षांवरील कोणीही स्त्री वा पुरुष अंगमेहनतीच्या कामासाठी नाव नोंदवू शकत होता. काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते द्यायचे आणि न दिल्यास दिवसाला किमान १ रुपया बेकारी भत्ता द्यायचा. रुपया अगदीच थोडा होता, पण तो द्यावा लागणे म्हणजे शासनाने आपली चूक कबूल करणे होते. कामे ठेकेदाराकडून न करता थेट मजुरांकडून करायची, खर्चाचा किमान ६० टक्के भाग मजुरीवर जावा, काम उत्पादक असावे म्हणजे त्यातून पाझर तलाव, नाला बांध, बांधबंदिस्ती, रस्ते यांसारखी कायमची मत्ता निर्माण व्हावी, स्त्री-पुरुषांना समान दर असावा, कामावर पिण्याचे पाणी व लहान मुलांना सावली असावी, असे नियम होते. शेतीतील काम सुरू असताना मजूर आपोआप शेतावर जाईल आणि ते संपल्यावरच येथे येईल, इतकीच मजुरी येथे ठेवली गेली. त्यामुळे गरज नसलेला माणूस सहसा उन्हात टिकाव मारायला येत नसे. गरजू कोण, हे ठरविण्यासाठी दाखल्यांची चळत लागली नाही.

एप्रिल १९७८ मध्ये पागे सभापतिपदावरून निवृत्त झाले. कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो २६ जानेवारी १९७९ रोजी, आणि तोवर राज्यात निराळ्या आघाडीचे शासन आले होते. एका पक्षाच्या सरकारने केलेला कायदा दुसऱ्या विचारांच्या सरकारने अमलात आणला, आणि त्यासाठी झटणारी व्यक्ती त्या दिवशी सभापतिपदावर नव्हती. सार्वजनिक कार्य पदावर अवलंबून नसते याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

यश आणि उणिवा

पागेसाहेबांच्या कार्याचे मोल सांगताना योजनेतील दोष झाकण्याचे कारण नाही. खोट्या हजेरीपटांच्या तक्रारी झाल्या, मजुरी वेळेवर मिळाली नाही, अर्धवट राहिलेले रस्ते पुढच्या पावसात वाहून गेले, काम मागायला गेलेल्या अडाणी मजुराला पावतीच मिळत नसे. करापोटी जमा झालेला पैसा आणि योजनेवर झालेला खर्च यांत अनेक वर्षे मोठी तफावत राहिली. गावोगावच्या कार्यकर्त्यांना काम सुरू करण्यासाठी मोर्चे काढावे लागले. तथापि, पूर्वी मजूर काम मिळावे म्हणून विनवणी करी आणि आता तो कायद्याचे नाव घेऊन मागणी करू लागला, हा फरक लहान नाही.

या योजनेवर काम करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. विधवा, परित्यक्ता, कर्ता पुरुष परगावी गेलेल्या कुटुंबांतील बाया यांना गावाजवळ, सन्मानाने आणि पुरुषाइतक्याच दराने काम मिळाले. पाझर तलावांमुळे आणि नाला बांधांमुळे अनेक गावांच्या विहिरींना पाणी वाढले. १९९० साली याच योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बांधावर आंबा, डाळिंब, बोर, काजू यांची झाडे उभी राहिली. ज्या वर्षी हे घडले त्याच वर्षी, १९९० मध्ये, पागे यांचे निधन झाले.

पुढे २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला व फेब्रुवारी २००६ पासून देशातील २०० जिल्ह्यांत त्याचा आरंभ झाला. तो कायदा घडविताना महाराष्ट्राचा तीन दशकांचा अनुभव सर्वांपुढे होता. एका तालुक्यातील प्रयोग चाळीस वर्षांनी देशाचा कायदा होतो, ही संसदीय इतिहासातील विरळा घटना आहे. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला वि. स. पागे यांचे नाव देण्यात आले आहे, तेही यथोचितच होय.

शिकवण

पागे यांचे जीवन पाहता काही गोष्टी मनात ठसतात. त्यांनी गरिबाला दान देण्याचा मार्ग न धरता त्याला कामाचा अधिकार मिळवून दिला, कारण घेणाऱ्याची मान ताठ राहावी ही त्यांची इच्छा होती. त्यांनी एकच प्रश्न हाती घेतला आणि १९६५ ते १९७९ अशी चौदा वर्षे तो सोडला नाही. मनातील कल्पनेला त्यांनी आकड्यांची, निधीची आणि शेवटी कायद्याची जोड दिली. समाजकार्य करणाऱ्या संस्थांनी व कार्यकर्त्यांनी या तिन्ही गोष्टी ध्यानात घ्याव्यात अशा आहेत. सद्भावना सर्वांजवळ असते. ती टिकून राहावी यासाठी व्यवस्था उभारावी लागते, आणि ती उभारणारा माणूस निघून गेल्यावरही व्यवस्था चालत राहावी लागते.

विसापूरच्या माळावरून निघालेला हा प्रवास विधान परिषदेच्या आसनापर्यंत गेला, पण त्याची दृष्टी शेवटपर्यंत त्या माळावरील मजुराकडेच राहिली. अशा या निःस्पृह लोकसेवकाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.